वाडा रिकामा करतोय, ट्रॅक्टरवाल्याने अर्धं सामान परत ओट्यावर ठेवलं. आता हे टाकायचं कुठे?

गोदाकाठचा_बाळ्या

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वाचा आणि मार्ग सांगा. पंचवटीत काळारामाच्या मागच्या बाजूला आमचा जुना वाडा आहे, तो रीडेव्हलपमेंटला दिलाय आणि महिनाअखेर बिल्डरला मोकळा करून द्यायचाय. चार चुलत घरं, त्यातली दोन पुण्यात, एक बोरिवलीला, ग्रुपवर सगळे 'हो हो काढून टाक' म्हणायला तयार, प्रत्यक्षात धूळ खाणारे आम्ही दोघंच नवराबायको. एक ट्रॅक्टर ठरवला, १८०० रुपये खेप, भरायला त्याचीच दोन माणसं. पहिल्या दोन खेपा विटा, माती, वाळवी लागलेले वासे, फुटके माठ, सगळं गेलं, तो काही बोलला नाही. तिसऱ्या खेपेला पोटमाळा उघडला आणि गडी ट्रॉलीवरून खालीच उतरला. म्हणे शेठ, हे मी नाही नेणार. आणि एकेक वस्तू उचलून परत ओट्यावर मांडायला लागला, जत्रेत दुकान लावावं तशी.

तर ओट्यावर आत्ता काय आहे ते सांगतो. १६५ लिटरचा जुना फ्रिज, माझ्या मुंजीच्या वेळचा. इन्व्हर्टरची एक बॅटरी, स्कूटरच्या दोन. ऑइल पेंटचे अर्धवट डबे नऊ आणि थिनरची बाटली. ट्यूबलाइट पंधरा-वीस, 'चोक गेला असेल, ट्यूब चांगली आहे' म्हणून काकांनी जपलेल्या. एक गॅस सिलेंडर, कोणाच्या नावावर होता देव जाणे. ढेकणांसाठीचं टिक-ट्वेंटी, बीएचसी पावडरचा डबा, मामांच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेतून कधीतरी आलेल्या औषधाच्या बाटल्या, लेबलं उंदरांनी खाल्लेली. आजीच्या गोळ्या, सिरप, इन्सुलिनच्या सुया अशा दोन पिशव्या. डबडा टीव्ही. चार टायर. मागच्या पडवीचे सिमेंटचे पत्रे, ते अजून वरच बसवलेले. कापसाच्या गाद्या सहा, फोमच्या दोन. आणि देवाचे फोटो, काचा फुटलेले, तीसेक तरी असतील, त्यांना तर त्याने हातच लावला नाही.

मला वाटलं होतं ट्रॉली सांगितली की सगळं जातं. तो म्हणतो, एका खेपेत बॅटरी आडवी झाली आणि अॅसिडने माझ्या माणसाची पोटरी भाजली, तेव्हापासून बंद. त्याचंही चूक नाही म्हणा. बायको म्हणतेय भंगारवाल्याला एकरकमी देऊन टाका आणि सुटा. पण मन धजेना, म्हणून विचारतोय.

सिडकोवाली_ताई

दादा, एकरकमी अजिबात देऊ नका. मी सासूबाईंचं घर रिकामं केलं तेव्हा हाच शहाणपणा केला होता. भंगारवाला सगळं घेऊन गेला, आणि तासाभराने शेजारचा मुलगा सांगत आला की तुमचा फ्रिज कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटवर पडलाय. जाऊन बघते तर कॉम्प्रेसर काढून नेलेला, तांब्याच्या नळ्या काढलेल्या आणि बाकीचा सांगाडा, तो पिवळा थर्माकोलसारखा फोम वगैरे, तिथेच. बॅटरीचं अॅसिड गटारीत ओतून शिसं तेवढं घेऊन गेला. म्हणजे घरातनं गेलं पण गल्लीतच राहिलं.

आता सोपं सोपं सांगते. कापसाच्या गाद्या टाकू नका, पिंजाऱ्याकडे द्या, कापूस पिंजून नवी गादी भरून मिळते, जुना कापूस चांगला असेल तर तो विकतही घेतो. बॅटऱ्या जिथे नवीन मिळते त्या दुकानात न्या, जुन्या बॅटरीचे पैसे नव्यात वळते करतात, नवीन घ्यायची नसली तरी वजनावर घेणारे दुकानदार आहेत. नेताना उभीच न्या, खाली फळी ठेवा, आतलं पाणी आधी ओतून द्यायचा उद्योग करू नका. टायर पंक्चरवाल्याला किंवा रिमोल्डवाल्याला. पण तोपर्यंत ओट्यावर उघडे ठेवू नका हं, पावसाचं पाणी साचलं की डेंग्यूचे डास, आणि त्या डासाची अंडी पाणी आटलं तरी टायरला चिकटून महिनोन्महिने टिकतात. नाशिकमध्ये दर पावसाळ्यात काय होतं ते आपण बघतोच.

बाकी त्या बाटल्यांचं मला माहीत नाही, त्या जपून.

रामभरोसे_नाशिककर

एवढं डोकं कशाला लावता भो. रात्री ११ नंतर छोटा हत्ती सांगा, तपोवनाच्या पुढे नाहीतर वाघाडी नाल्याच्या काठाला रिकामा करून या. सगळं गाव तेच करतं.

अंबडची_शिफ्ट

रामभरोसे भाऊ, सगळं गाव तेच करतं म्हणूनच गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलं की भांडी बाजारात, सराफ बाजारात काय काय वाहून येतं ते एकदा बघून या. २०१६ च्या ऑगस्टच्या पुरानंतर आमच्या आत्याच्या दुकानातला गाळ काढायला मी गेलो होतो, त्यात पेंटचे डबे, ट्यूबलाइटच्या काचा, गाद्या, सगळं होतं. नदीत टाकलेलं पावसाळ्यात घरपोच परत येतं.

बाळ्याभाऊ, मी अंबडला एका कंपनीत सेफ्टीचं काम बघतो, त्यामुळे हा विषय रोजचा. कंपनीतल्या घातक कचऱ्याचा हिशोब ठेवावा लागतो, किती किलो, कोणत्या गाडीने, कुठे गेला. रांजणगाव, तळोजा इथे असा कचरा घेणारे मोठे प्रकल्प आहेत, तिथे तो जाळतात किंवा खाली जाड अस्तर टाकलेल्या खड्ड्यात बंद करतात. गंमत अशी की कंपनीतल्या एका रंगाच्या डब्यासाठी मला चार सह्या लागतात आणि घरी आलो की तोच डबा बादलीत टाकायला कोणी अडवत नाही.

पण नियम घरांसाठीही आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत ओला आणि सुका याशिवाय तिसरा प्रकार दिला होता, घरगुती घातक कचरा. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, पाऱ्याचे थर्मामीटर, बॅटऱ्या, सुया, म्हणजे तुमच्या ओट्यावरचं जवळजवळ सगळंच त्यात नावानिशी होतं. तो जमा करायला दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र असावं असंही त्यात लिहिलं होतं. नाशिक मनपाची हद्द २६० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे हिशोबाने तेरा. तुम्ही पंचवटी विभागीय कार्यालयात जाऊन स्वच्छता निरीक्षकांना भेटा, तोंडी नाही तर वस्तूंची यादी लिहून न्या, वजन अंदाजे टाका. यादी हातात असली की बोलणं वेगळं होतं, हा माझा अनुभव. ट्यूबलाइटसारखं किरकोळ घंटागाडीला द्यायचं झालं तर वर्तमानपत्रात गुंडाळून, वर स्केचपेनने लिहून, गाडीवाल्या दादांच्या हातात द्या आणि सांगा काय आहे. सुक्या कचऱ्यात सरकवू नका, हात त्यांचे कापतात.

आता महत्त्वाचं, ते कीटकनाशक. बीएचसी पावडर आपल्याकडे १९९७ पासून बंद आहे, म्हणजे तुमचा डबा निदान तेवढा जुना. उघडू नका, हुंगू नका, डबा गंजून फाटला असेल तर अख्खा डबा झाकणाच्या मोठ्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवा. लेबल नसलेल्या बाटल्या एकमेकींत ओतून 'एकच करून टाकू' हे तर अजिबात नको, कशात काय आहे माहीत नसताना मिसळणं म्हणजे आगीशी खेळ. एका क्रेटमध्ये उभ्या, मध्ये वर्तमानपत्राचे बोळे, वर चिठ्ठी 'विषारी'. संडासात, मोरीत, नदीत नाही. आणि जाळायचं तर मुळीच नाही, उघड्यावर कचरा जाळला तर हरित लवादाने २०१६ मध्येच ५००० रुपये दंड सांगितलाय, दंड सोडा, तो धूर आधी तुमच्याच नाकात जाणार.

मेनरोडचा_केमिस्ट

औषधांचं मी सांगतो, दुकानात रोज कोणीतरी विचारतं. सगळ्या गोळ्या संडासात फ्लश करायच्या नाहीत. २०२५ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने १७ औषधांची यादी काढली, ट्रामाडॉल, डायझेपाम, मॉर्फिन, फेंटानिल वगैरे, जी चुकून एखाद्याने एक डोस घेतला तरी जिवावर बेतू शकतात, फक्त तेवढीच फ्लश करा असं सांगितलंय. बाकीची अँटिबायोटिक, बीपी, शुगर, ती पाण्यात सोडायची नाहीत. स्ट्रिपमधून गोळ्या काढा, चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवी बांधा आणि घातक कचरा म्हणून वेगळी द्या. स्ट्रिप आणि खोके कात्रीने कापा, अख्खे टाकलेले डबे उचलून पुन्हा वापरणारे लोक असतात. सिरपच्या बाटल्या मात्र तशाच झाकण लावून द्या, मोरीत ओतू नका.

इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत, फिनाईलची रिकामी चालते, झाकण घट्ट, वर लिहायचं. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारा, दवाखान्याचा जैविक कचरा न्यायला गाडी येते, ओळखीचे डॉक्टर बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत.

एडिसनला_अडकलेला

मी मूळचा नाशिकरोडचा, जेलरोडला घर, सध्या न्यू जर्सीत. तुमचा ट्रॅक्टरवाला वाचून हसू आलं कारण इथे गेल्या वर्षी मी बेसमेंट रिकामं केलं तेव्हा हुबेहूब हेच झालं. इथे डंपस्टर, म्हणजे कचऱ्याची मोठी लोखंडी पेटी, भाड्याने मिळतो, ट्रकवरून घसरवून दारात उतरवतात, १० यार्ड, २० यार्ड असे आकार, पार ४० पर्यंत, आठवडाभर भरा, मग उचलून नेतात. मला वाटलं वा, काय सोय आहे, टाका सगळं. मग कागद वाचला तर निम्मं पान 'हे चालणार नाही' चं. रंग, थिनर, कार बॅटरी, टायर, गॅसची टाकी, फ्रिज, एसी, इंजिन ऑइल, तण मारायचं औषध, अॅस्बेस्टॉस. म्हणजे ओटा तुमचा आणि ड्राइव्हवे माझा, माल तोच.

फरक एवढाच की इथे काउंटीवाले, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखे, अधूनमधून एक दिवस ठरवतात घरगुती घातक कचऱ्याचा. गाड्यांची रांग लागते, आपण गाडीतनं उतरायचं नाही, डिकी उघडायची, हातमोजे घातलेली माणसं येऊन काढून घेतात. मी दोन तास रांगेत बसलो, पुढच्या गाडीत एक आजोबा १९७० सालच्या रंगाचे डबे घेऊन आलेले. म्हणजे 'लागेल कधीतरी' हा रोग आपलाच नाही.

रंगाची एक युक्ती इथली सांगतो, तुम्हालाही चालेल. पाण्यात कालवायचा प्लास्टिक पेंट असेल तर झाकण काढून त्यात भुसा किंवा वाळू घालून वाळवायचा, दगड झाला की इथे साध्या कचऱ्यात चालतो. इथे लोक मांजराची रेती घालतात, तुम्ही वखारीतला भुसा आणा. ऑइल पेंट आणि थिनर मात्र वेगळे, ते इथेही त्या रांगेतच न्यावे लागतात.

सिडकोवाली_ताई

डब्यात चांगला रंग शिल्लक असेल तर वाळवता कशाला? आमच्या इथल्या पेंटरला दोन डबे दिले, त्याने कोणाच्या तरी गेटला मारले. हलवून बघा, चमचा फिरतोय म्हणजे रंग जिवंत आहे.

गोदाकाठचा_बाळ्या

सगळ्यांना दंडवत. दोन दिवसात बरंच मार्गी लागलं, पण एक नवीन लफडं. आजोबा वैद्यकी करायचे, त्यांच्या लाकडी पेटीत जुनं ब्लडप्रेशरचं मशीन निघालं, पाऱ्याची काचनळी असलेलं, चांगलं जड. पेटी तिरकी झाली आणि थोडा पारा फरशीवर सांडला. धाकट्याला एवढी मजा वाटली, बोटाने ढकलत बसला होता, मी ओरडल्यावर उठला. बायकोने झाडू घेतला आणि ते थेंब आणखी बारीक होऊन फरशीच्या सांध्यात गेले. आमचे एक चुलते म्हणतात सराफ बाजारात सोनार घेतात पारा, पैसेही देतात. खरं का?

निवृत्त_रसायनशास्त्र

बाळासाहेब, आधी मुलाचे हात साबणाने धुवा आणि त्या खोलीच्या खिडक्या दारं उघडून सगळे बाहेर या. मी तीस वर्षं शाळेत प्रयोगशाळा सांभाळली, पारा सांडणं हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिलाय की तुम्ही लिहिलेलं डोळ्यांसमोर दिसलं. मुलांना मजा वाटते हेच तर सगळं दुखणं आहे.

झाडू बंद. झाडूने थेंब फुटतात आणि जितके बारीक तितकी त्याची वाफ जास्त होते. पारा साध्या खोलीच्या उष्णतेलाही हळूहळू उडत असतो, वास नाही, रंग नाही, त्यामुळे कळत नाही. व्हॅक्यूम क्लीनरही नको, तो ती वाफ घरभर फेकतो. खेळायचे दोन जुने पत्ते घ्या, थेंब एकमेकांकडे ढकला, ते आपोआप एकत्र होतात, मग कागदाच्या सुपलीवर घेऊन काचेच्या बाटलीत. बाटलीत वर बोटभर पाणी राहू द्या म्हणजे वाफ येणार नाही, झाकण घट्ट. बारीक कण चिकटपट्टीने टिपा. फरशीच्या सांध्यात गंधकाची पूड भुरभुरा, गंधक पाऱ्याशी जुळतं आणि तो उडायचा थांबतो, मग ती पूड ओल्या कागदाने पुसून त्याच बाटलीत. तो झाडू आणि हे कागद पिशवीत बांधून वेगळे ठेवा. आणि हो, हे सगळं करायच्या आधी हातातली अंगठी, बांगड्या काढून ठेवायला सांगा. पारा सोन्यात शिरतो, अंगठी पांढरी पडते आणि मग रडारड. माझ्या एका सहकारी बाईंच्या पाटल्यांचं असं झालं होतं, तो किस्सा परत कधी.

थर्मामीटरमध्ये पारा एखादा ग्रॅमच असतो. बीपीच्या मशीनमध्ये शंभर ग्रॅमच्या घरात किंवा त्याहून जास्त. तो पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड, म्हणून एवढासा दिसतो आणि हाताला वजन लागतं. त्यामुळे तुमचं मशीन हे ओट्यावरच्या सगळ्या सामानात सगळ्यात जपायची वस्तू आहे. त्याला वाल्व असेल तर बंद करा, उभं ठेवा, मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून.

सोनाराचं म्हणाल तर देऊ नका. पाऱ्यात सोनं विरघळवून मग तापवून पारा उडवायचा ही जुनी पद्धत आहे आणि तापवणाऱ्याच्या फुफ्फुसात तो जातो. तुमचे चार पैसे होतील आणि भट्टीवरच्या कारागिराचं वाटोळं. त्र्यंबक रोडला उद्योग भवनात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय आहे, तिथे विचारा की पारा आणि ट्यूबलाइट कोणाकडे द्यायच्या, परवानाधारकांच्या याद्या त्यांच्याकडे असतात.

ट्यूबलाइटमध्येही पारा आहे, पण मिलीग्रॅममध्ये. न फुटता दिल्या तर काही नाही. फुटली तर तेच, खिडक्या उघडा, पंधरा मिनिटं बाहेर, पंखा लावून बसू नका.

अंबडची_शिफ्ट

सर, उत्तम सांगितलंत. फ्रिज, टीव्ही, सिलेंडर राहिले वाटतं.

फ्रिज तुमच्या मुंजीच्या वेळचा म्हणजे त्यात आर-१२ गॅस असणार, तोच तो ओझोनला भोक पाडणारा, भारताने त्याचं उत्पादन २००८ मध्ये थांबवलं. ओझोन सोडा, उष्णता धरून ठेवायला तो कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार पटीहून जास्त वाईट. भंगारवाला पक्कड लावून नळी तोडतो, एक फुस्स आवाज येतो आणि संपलं. नवीन फ्रिज घेणार असाल तर एक्सचेंजला द्या, ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत जुन्या मालाची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे. नाहीतर नोंदणी असलेल्या रिसायकलरला, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर याद्या आहेत, फोन करून उचलायला येणार का ते विचारा. डबडा टीव्हीही त्यातच, पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, भंगारवाल्याला फक्त मागची तांब्याची कॉइल हवी असते, काच तो फोडून टाकतो.

सिलेंडरच्या मानेजवळच्या पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतील, ते वाचा बरं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं. त्या तिमाहीत त्याची तपासणी व्हायला हवी होती.

गोदाकाठचा_बाळ्या

सी-९९ लिहिलंय. अरे बापरे.

अंबडची_शिफ्ट

म्हणजे १९९९ च्या सप्टेंबरपर्यंत तपासायला हवा होता. रेग्युलेटर लावून 'आहे का थोडा' बघू नका. उघड्यावर, सावलीत, उभा ठेवा, टोपी असेल तर लावा. आणि सिलेंडर तुमचा नसतोच, कंपनीचा असतो, आपण फक्त डिपॉझिट भरलेलं. ज्या कंपनीचा रंग आणि नाव आहे त्यांच्या एजन्सीला फोन करा, त्यांचीच माणसं येऊन नेऊ देत. कागद सापडला तर डिपॉझिटही परत मिळेल, त्या काळच्या दराने, म्हणजे एक मिसळ येईल.

तिळभांडेश्वर_वहिनी

फोटोंबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. भाऊजी, ते पिंपळाखाली नेऊन ठेवू नका हो, गोदाघाटावर आणि प्रत्येक पारावर तेच झालंय, लक्ष्मीच्या फोटोवर कुत्री बसलेली बघवत नाही. नाशिकमध्येच संपूर्णम सेवा फाउंडेशन म्हणून संस्था आहे, जुन्या मूर्ती, फोटो, पोथ्या गोळा करते आणि उत्तरपूजा करून मग फ्रेमचं लाकूड, काच, कागद वेगळं करून पुढे वापरात आणते. चौकशी करून पाठवा. मी आमच्या सासऱ्यांकडचे दिले होते, मनाला लागलं नाही अजिबात. देण्याआधी घरी हळदकुंकू वाहून नमस्कार केला, झालं. फुटक्या काचा आधी काढून वेगळ्या बांधा म्हणजे त्यांच्या हाताला लागणार नाहीत.

आणि त्या ढिगात मागच्या बाजूने बघा, जुन्या फ्रेममध्ये देवाच्या मागे घरातले फोटो दडपलेले असतात. आम्हाला सासूबाईंचा लग्नातला एकुलता एक फोटो दत्ताच्या मागे सापडला.

गोदाकाठचा_बाळ्या

वहिनी, तुमचं ऐकून काल रात्री सगळ्या फ्रेम उघडल्या. लग्नाचा नाही पण आजोबांच्या वैद्यकीच्या सर्टिफिकेटची घडी निघाली, रामपंचायतनाच्या मागे. आता बोरिवलीवाले चुलते, जे सहा महिने फोन उचलत नव्हते, ते विचारतायत ते कोणाकडे राहणार.

आत्तापर्यंतचा हिशोब. बॅटऱ्या गेल्या, तिन्ही मिळून बऱ्यापैकी पैसे आले. गाद्या पिंजाऱ्याकडे, त्याने दोन आमच्यासाठी भरून द्यायच्या ठरल्या. टायर गेले. रंगाचे तीन डबे जिवंत निघाले, पेंटरने नेले, बाकी सहा आणि थिनर क्रेटमध्ये. सिलेंडर एजन्सीवाल्यांनी नेला, कागद नाही सापडला. गोळ्या चोथ्यात कालवून बांधल्या, सुया आमच्या डॉक्टरांनी घेतल्या. विभागीय कार्यालयात यादी घेऊन गेलो, साहेबांनी यादी बघून आधी माझ्याकडे बघितलं, मग दोन ठिकाणी फोन लावला, सोमवारी सगळं एकत्र घेऊन बोलावलंय. पारा, ट्यूबलाइट, बाटल्या, क्रेट, सगळं सोमवारी. सर, गंधक जिल्हा परिषदेसमोरच्या शेतीऔषधाच्या दुकानात मिळालं, द्राक्षबागवाले भुरी रोगासाठी नेतात तेच. धाकटा ठीक आहे, डॉक्टरांना दाखवून आणलं.

राहिले ते सिमेंटचे पत्रे आणि फोमच्या दोन गाद्या. पत्रे अख्खे आहेत, कामगार म्हणतो घणाने तुकडे करून ट्रॉलीत भरू, जागा कमी लागेल.

अंबडची_शिफ्ट

त्याला थांबवा आधी. त्या जुन्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, अख्खा पत्रा शांत असतो, फोडला की ते हवेत उडतात आणि फुफ्फुसात जाऊन बसतात, त्रास वीस-तीस वर्षांनी दिसतो. पाण्याने भिजवा, आकडे ढिले करून अख्खेच खाली घ्या, ओढायचे नाहीत, आपटायचे नाहीत, ड्रिल नाही, कटर नाही. तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ सुद्धा यासाठी कमी पडतो, पी-१०० फिल्टरचा मास्क लावा. खाली आले की जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून तेही सोमवारच्या यादीत घाला.

सिडकोवाली_ताई

फोमच्या गाद्या मला दाखवा फोटो. आमच्या इथे भटक्या कुत्र्यांना हिवाळ्यात अंथरायला एक ग्रुप नेतो, धुवून कापून. फार फाटक्या नसतील तर विचारते.

एडिसनला_अडकलेला

बाळ्याभाऊ, एवढ्या मोठ्या वाड्यात तांब्याचा बंब निघाला नाही का? विकणार असाल तर सांगा, डिसेंबरात येतोय.

गोदाकाठचा_बाळ्या

ताई, फोटो व्हॉट्सअॅपला टाकतो. पत्रे भिजवायला आत्ता कामगाराला पाइप दिला. बंब निघाला, पण तुमच्या आधी तीन जणांचे फोन आलेत, त्यात पहिला ट्रॅक्टरवाल्याचा.